मैनेची कांडी आणि माझं ग्राफिक्स कार्ड

आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी आहे, आणि आमच्या मैना गाईला बाजाराची वाट दाखवायची वेळ आणली तीसुद्धा मीच.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. (पदवी नसती तर इतका मोठा घोळ घालणं मला जमलंच नसतं!)

बारामतीच्या कॉलेजातून मी बी.एस्सी. कॉम्प्युटर केलं. आमच्या तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, ते प्रमाणपत्र फ्रेम करून बैठकीत अशा जागी लावलं, की चहाला आलेल्या माणसानं शेवटचा घोट घ्यायला मान वर केली की समोर तेच यावं. मी नोकरीसाठी पुण्याला गेले नाही. घरीच धंदा काढला. कुणाला बंगला बांधायचा असेल तर तो बांधायच्या आधीच कॉम्प्युटरवर तयार करून त्यातून फिरवून आणायचं. गेट, पोर्च, हॉल, जिना, गच्ची, सगळी फिल्म. तात्या गावात सांगायचे, "न झालेल्या घरात माणूस फिरवून आणती आमची पोरगी!" ऐकणारा घाबरायचा, पण मान डोलवायचा.

आता अशी फिल्म बनवताना सगळा भार कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स कार्डावर येतो. माझं कार्ड जुनं, दुसऱ्याकडून घेतलेलं. आमचं गाव भिगवण आणि भवानीनगरच्या मधलं, माझं ऑफिस म्हणजे गोठ्याला लागून असलेली पत्र्याची खोली, आणि महिना एप्रिल! त्या खोलीत दुपारी माणसाची भाकरी होते, तिथं कार्डानं काय करावं? चाळीस टक्के फिल्म झाली की ते तापायचं आणि कॉम्प्युटर मुकाट्यानं बंद पडायचा. पुन्हा पहिल्यापासून. तात्यांनी डाळिंबाच्या ठिबकची उरलेली नळी पत्र्यावर अंथरून दिली. आईनं खिडकीला ओलं पोतं लावलं. खोली गार झाली, पण कार्ड काही बधलं नाही.

मग मी इंटरनेटवर बघितलं. परदेशात काही लोक कार्डावर तांब्याचं भांडं बसवतात आणि त्यात भयंकर थंड काहीतरी ओततात. मी म्हटलं, आपल्याकडे काय तांब्याची भांडी नाहीत?

आईच्या लग्नातला तांब्याचा पेला होता. भवानीनगरच्या एका लेथवाल्याकडून त्याचं बूड सपाट करून आणलं. ("ताई, ह्यात पाणी प्यायचं का ह्येच्यावर उभं राहायचं?" असं त्यानं विचारलं होतं.) कार्डावरचा पंखा काढून तिथं पेला पट्ट्यांनी आवळला. भोवती भिगवणच्या मासेवाल्याकडून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्याचे तुकडे लावले. थंड भांड्याला घाम सुटून कार्डात पाणी जाऊ नये म्हणून आजूबाजूला दाट मलम फासायचं असतं. घरात एकच दाट मलम होतं, गाईच्या सडांना लावायचं. तेच फासलं.

आईनं हे सगळं बघितलं, खोलीतला मासळीचा वास घेतला आणि म्हणाली, "पेला माझा, मलम मैनेचं, खोकं मासेवाल्याचं. मग त्या कालिजात तुला दिलं काय गं?"

पेल्यात बर्फ आणि मीठ घातलं की कार्ड साठ टक्क्यांपर्यंत जायचं. प्रगती होती! पण बर्फ दर दहा मिनिटांनी वितळायचा. त्यात एका शनिवारी बारामतीच्या बंगलेवाल्या साहेबांचा फोन आला. "उद्या सकाळी सगळे पाहुणे जमणारेत. फिल्म पाहिजेच." मी "होऽ, झालीच आहे" म्हणाले. झाली होती अठरा टक्के.

त्याच शनिवारी सकाळी मैना माजावर आली.

मैना ही आईची. आईच्या माहेराहून, मोरगावकडून, टेम्पोत बसून आलेली. तेव्हा ती एवढीशी कालवड होती. दूध बेताचं, पण आईनं हाक मारली की रानातून ओ देणार. तिची अडचण एकच होती. तीन वेळा भरली आणि तिन्ही वेळा उलटली. गाभण राहीना. तात्यांनी आईसमोर स्पष्टच सांगून ठेवलेलं, "ह्या येळंला राहिली तर राहिली. न्हाय तर बाजार. भाकड जनावर किती दिस बांधून ठिवायचं?"  त्या दिवसापासून मैनेच्या आंबोणात पेंडीची एक ओंजळ जास्त पडायला लागली होती.

गाई भरायचं काम आमच्या संपतमामाचं. आईचा धाकटा भाऊ. कृत्रिम रेतन करणारा. गावोगाव त्याला डॉक्टरच म्हणतात, आणि तोही हरकत घेत नाही. त्याच्या मोटरसायकलला मागं एक फुगीर पोटाचा, अरुंद गळ्याचा कॅन बांधलेला असतो. त्यात द्रवरूप नायट्रोजन. आणि त्या नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवलेल्या, पेनाच्या रिफिलीएवढ्या बारीक कांड्या. एकेका कांडीत एकेका नामांकित वळूचा वंश. नायट्रोजन आटला की कांडी मेली, आणि मेलेल्या कांडीनं गाय भरली काय, न भरली काय, सारखंच.

मामा आठ वाजता आला, मैनेला तपासलं आणि म्हणाला, "माज झ्याक हाय. पण आत्ता न्हाय भरायची. सकाळी माज दिसला तर सांजच्याला भरायची. मी पाचाला येतो." मग आईकडे वळून कॅनवर हात ठेवला. "आक्का, मैनेसाठी यक खास कांडी आणलीय. कालवडच व्हणार अशी. असली ह्या खेपंला यकच मिळालीय."

"सांभाळून ठिव रं बाबा," आई म्हणाली.

"सांभाळायला कॅन हितंच ठिवतो. मला भिगवणला साखरपुड्याला जायचंय. पावण्यांच्या जीपमदी हा हिंदकळंल." त्यानं कॅन माझ्या खोलीच्या दाराशी, सावलीत ठेवला. मग माझ्याकडे बोट केलं. "ह्ये बघ गं, तू शिकलेली हायस म्हणून तुला सांगतो. ह्याला कुणाला हात लावू द्यायचा न्हाय!"

मी कुणालाही हात लावू दिला नाही. शब्दाची पक्की आहे मी. माझ्या स्वतःच्या हाताबद्दल तो काही बोलला नव्हता.

दुपारी दोनला माझा बर्फ संपला. फिल्म एकसष्ट टक्क्यांवर होती आणि कार्ड नव्वद अंशांवर. आई-तात्या खालच्या रानात वांगी तोडत होते. बर्फाला भिगवणला जाऊन येईपर्यंत कार्डाची राख झाली असती. मी दारात उभी राहिले. समोर कॅन. शून्याखाली एकशे शहाण्णव अंश! परदेशातले लोक पेल्यात हेच ओततात. ते त्यासाठी कुठं कुठं धावाधाव करतात, आणि इथं ते माझ्या उंबऱ्यापाशी बसून होतं.

मी हिशोब केला. (इथंच शिक्षण आडवं आलं.) कॅन तीन लिटरचा. कांड्यांना बुडायला थोडंच लागतं. पेला पाव लिटरचा. म्हणजे दोन पेले काढले तर कुणाला कळणारही नाही. गणितात मला कधी ऐंशीच्या खाली मार्क नव्हते.

तात्यांचे फवारणीचे जाड हातमोजे घातले, त्यांचा चष्मा लावला, दार-खिडकी सताड उघडी ठेवली आणि कांड्यांचा डबा हलू न देता कॅन अलगद तिरका केला. फस्स्स्! पेल्यात पडलेला नायट्रोजन उकळून क्षणात उडून गेला. तापलेला पेला गार करण्यातच अख्खा पेला खर्च! हे माझ्या हिशोबात नव्हतं. पुन्हा ओतला. पुन्हा फस्स्स्. तिसऱ्यांदा मात्र पेला शांत झाला, आणि मी स्क्रीनकडे बघितलं तर काय! नव्वद अंशांचं कार्ड शून्यावर, शून्यावरून उणे वीसवर! एकसष्ट टक्के. पासष्ट. सत्तर. माझं जुनं कार्ड असं धावत होतं, जसं काही शर्यतीत सोडलंय!

आता थांबायला हवं होतं. पण सत्तरवर कोण थांबतं? "एवढा एकच," म्हणून अजून एक पेला. पंच्याहत्तर. "हा शेवटचा." एक्क्याऐंशी. "हा खरंच शेवटचा." मटक्याच्या नादाला लागलेल्या माणसाला नावं ठेवणारी मी, त्या दिवशी असे किती शेवटचे पेले ओतले ते मलाच माहीत नाही.

त्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. नायट्रोजनची वाफ वर जात नाही, खाली उतरते. टेबलावरून ती पांढरीशुभ्र वाफ ओघळत माझ्या मांडीवर, मांडीवरून पायांवर आणि तिथून दाराबाहेर अंगणात निघाली होती. मी मधोमध, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, समाधानानं हसत.

शेजारच्या शांताकाकी त्याच वेळी आमच्या गोठ्याकडे आल्या. दुपारचं आंबोण आईनं कालवून ठेवलेलं असायचं आणि आई रानात असली की काकी ते मैनेसमोर ठेवायच्या. हातात बादली. त्यांनी दारातून बघितलं.

"अगं आई गंऽऽ! पोरगी पेटली!"

"काकी, नाही, काकी, ते नायट्रो..."

पुढचा "जन" आंबोणात गेला. अख्खी बादली! भिजवलेला कोंडा, पेंड, भुसा, गुळाचं पाणी, सगळं माझ्या अंगावर आणि उरलेलं कीबोर्डवर. काकी पुन्हा ओरडल्या, "इझली का गं? का अजून आणू?"

"काकी, आग नाहीये! गार आहे ते, गार!"

"गार आग?" काकींनी अंगणाकडे तोंड करून आरोळी ठोकली, "अवो कोणी हाय का? पोरगी बडबडाया लागली!"

या गोंधळात मैना कुठं मागं राहणार? माजावर आलेली गाय सकाळपासून हंबरतच होती. त्यात तिच्या हक्काचं आंबोण समोरून दुसऱ्याच्या खोलीत गेलेलं तिनं बघितलं. हिसका दिला, दावं खुंट्यासकट उपटलं आणि थेट ऑफिसात! आधी तिनं माझा खांदा चाटला. मग कीबोर्ड. स्क्रीनवर फिल्म चौऱ्याण्णव टक्क्यांवर होती. मैनेची जीभ खरखरीत, लांब आणि एकदम सगळ्या बटणांवर फिरणारी. स्क्रीनवर प्रश्न आला, "काम रद्द करायचं का?" मैनेनं दुसऱ्यांदा चाटलं.

काम रद्द झालं. तेवढ्यात कोंड्याचं पाणी कार्डापर्यंत पोचलं, फट्ट असा आवाज झाला, आणि खोलीत आम्ही तिघीच उरलो. मैना, काकी आणि आंबोण लागलेली पदवीधर.

काकी रडकुंडीला आल्या. "मी तुजा कांपुटर मारला का गं?" बिचारीनं मला वाचवण्यासाठी धाव घेतली होती. खरोखर पेटले असते तर त्या बादलीनं मी वाचले असते. मी म्हटलं, "नाही काकी, तो मीच मारला." आणि मग माझं लक्ष कॅनकडे गेलं. झाकण बाजूला पडलेलं. आत डोकावले. नेहमी गळ्याशी तरंगणारी वाफ नव्हती.

फिल्म, कार्ड, साहेब, पाहुणे, सगळं त्या क्षणी डोक्यातून गेलं. मैनेची कांडी! मी घाईघाईनं झाकण लावलं. 

मामा साडेचारला आला. आई-तात्याही रानातून आले. मला बघून तात्या म्हणाले, "ह्ये काय? आंबोण खायला लागलीस का तू?" मी सगळं सांगून टाकलं. एका दमात, काहीही न लपवता. पेल्यांची संख्या फक्त सांगितली नाही, कारण ती मलाच माहीत नव्हती.

 मामानं कॅन उघडला, मोजायची काठी आत घातली, बाहेर काढून हवेत हलवली. काठीवर जिथवर पांढरं दव धरतं तिथवर नायट्रोजन असतो. एरवी वीतभर धरायचं. त्या दिवशी धरलं अर्ध्या बोटाएवढं.

"मामा..."

"गप." त्यानं चिमट्यानं डबा वर घेतला, पुन्हा खाली सोडला. "वरच्या मजल्यावरच्या समद्या गेल्या. मैनेची खास म्हणून मी तळाला ठिवलीवती. निम्मी बुडालीय, निम्मी उघडी."

"जित्ती हाय का?" आईनं विचारलं. आवाज इतका बारीक, की मला तिच्याकडे बघवेना.

"हिथं कसं कळावं, आक्का? कळायला दुर्बीण लागती. भरल्यावर यकवीस दिसांनी गायच सांगंल. पुन्ना माजावर आली तर मेलेली व्हती. न्हाय आली तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "दुसरी कांडी यायला आठ दिस. तवर माज सरतोय. काय करू, दाजी?"

तात्यांनी मैनेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बाजाराचं नाव आता निघणार म्हणून मी जमिनीकडे बघत राहिले.

"भर," तात्या म्हणाले. "पोरीनं निम्मी तर ठिवली का न्हाय?"

आईनं लगेच कोमट पाणी आणलं. मामानं थर्मामीटर लावून कांडी त्यात धरली, पुसली आणि काम केलं. मैना शांत उभी होती. तिच्या नाकाला अजून माझ्या कीबोर्डचा कोंडा लागलेला होता.

मग तात्यांनी माझा फोन मागितला आणि मी नको नको म्हणत असताना बारामतीच्या साहेबांना लावला. मला वाटलं, आता हे काहीतरी तांत्रिक कारण सांगतील. तात्या म्हणाले, "रामराम साहेब. पोरीचा बाप बोलतोय. घरी गाय माजावर आलीवती, त्या गडबडीत तुमचा बंगला ऱ्हायला."

 स्पीकरवर साहेबांचा आवाज आला, "मग आधी गाय बघा की तात्या! बंगला कुठं पळून चाललाय? भरली का वेळेवर?"

"भरली."

"कोणती कांडी वापरली?" आणि पुढची दहा मिनिटं माझे एकुलते एक गिऱ्हाईक आणि माझे वडील वळूंवर बोलत होते. माझ्या संपूर्ण शिक्षणात गिऱ्हाईक असं सांभाळायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

मामाच्या कांड्या मेल्या त्याचा जाब त्याला गावोगाव द्यावा लागला. "अमक्या वळूची कांडी का न्हाय?" म्हणून प्रत्येक जण विचारायचा. मामानं सगळीकडे एकच सांगितलं, "माझंच झाकण ढिलं ऱ्हायलं." माझं नाव त्यानं एकदाही घेतलं नाही. मला हे कळलं ते दुकानात गेले तेव्हा, दुसऱ्यांच्या तोंडून. मामा घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणाला, "तुजं नाव घेतलं असतं तर लोक म्हनले असते, शिकून काय झालं. मला म्हनतील, अडाणी हाय. मला सवय हाय गं त्येची." मी आत जाऊन त्याच्यासाठी चहा टाकला, आणि मी आपणहून चहा टाकणं ही आमच्या घरात दुर्मिळ घटना आहे.

कार्ड मी धुतलं, उन्हात दोन दिवस वाळवलं आणि देवाचं नाव घेऊन लावलं. चाललं! (थर्माकोलच्या वासानं एक मांजर मात्र कायमचं कॉम्प्युटरजवळ राहायला आलं.) फिल्म रोज पहाटेच्या गारव्यात थोडी थोडी पुरी केली. हा उपाय, आई म्हणते तसा, "फुकटचा, आणि पेलाबी लागत न्हाय."

पण माझं चित्त होतं मैनेपाशी. एकवीस दिवस! आईच्या आधी उठून मी गोठ्यात जायची. मैना हंबरली की मी हातातलं काम टाकून पळायची. सतराव्या दिवशी ती दोनदा हंबरली, मी तात्यांना झोपेतून उठवलं. तात्या बाहेर येऊन म्हणाले, "पानी मागतीय ती." विसाव्या दिवशी तिनं नुसती शेपटी हलवली तरी मी मामाला फोन केला. मामा म्हणाला, "माशी असंल." एकविसाव्या दिवशी मी कामच केलं नाही. स्टूल घेऊन तिच्यासमोर बसले. आई येता-जाता बघत होती. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "शिकताना तरी इतकं रातंदिस जागलीवतीस का?"

"आई, बाजाराला न्यावी लागली तर?"

"तर न्यायची," आई म्हणाली. तिचा हात माझ्या पाठीवर होता आणि डोळे मैनेवर. "गाय परत घेता येती गं. काकी म्हनली तशी तू खरंच पेटली असतीस तर?"

बाविसावा दिवस गेला. तेविसावा गेला. मैना रवंथ करत बसून राहिली. तीन महिन्यांनी मामानं हात घालून तपासलं, हात धुतले आणि मागं न बघताच म्हणाला, "आक्का, गूळ आण." आई गुळाला आत गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही. तात्या फाटकाशी उभे राहून, काही कारण नसताना, फाटकाची कडी दुरुस्त करत होते.

मैना व्याली. कालवडच झाली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. निम्म्या बुडालेल्या कांडीनं एवढं केलं. त्या रात्री मला कळलं, की माझी पदवी भिंतीवर एकटी लटकत नाही. तिच्या मागं तात्या आहेत, आई आहे, मामा आहे, बादली घेऊन धावलेल्या काकी आहेत, आणि थोडीशी मैनाही आहे.

मामा आता पुन्हा निर्धास्तपणे कॅन आमच्याकडे ठेवून जातो. फक्त त्यानं त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं एक सूचना लिहून घेतली आहे. सूचना अशी: "शिकलेल्या माणसांपासून दूर ठेवा." लोक वाचतात, हसतात आणि विचारतात, "डॉक्टर, अक्षर लई सुरेख हाय, कुणाकडनं लिवून घेतलं?"

मामा माझ्याकडे बोट दाखवतो.